भोरड्यांच्या गावाहून कुरवांच्या गावाला

मराठवाड्यातल्या उमेदवाराला शिक्षक म्हणून कोकण मिळालं की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. पगार कधी सुरू होणार, आणि बदली कधी होणार. 2010 च्या शिक्षणसेवक भरतीत मला रत्नागिरी जिल्हा परिषद मिळाली, तेव्हा फुलंब्रीतल्या आमच्या घरीही हेच दोन प्रश्न झाले. तिसरा आईचा. "तिकडं वावरं असतात का गं, का नुसतं पाणीच?" आईने तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. माझंही फार पुढे गेलेलं नव्हतं.

नेमणूक दापोली तालुक्यात, हर्णैच्या किनारपट्टीवरच्या एका शाळेत झाली. घरापासून चारशे किलोमीटरहून जास्त. दापोलीला उतरून पुन्हा एसटीने घाट उतरायचा, मग समोर सुवर्णदुर्ग दिसायचा. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला, एका बाजूला पाजपंढरीची दाट कोळी वस्ती, पलीकडे महर्षी कर्व्यांचं मुरुड. आमच्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा तिथे जुलैचा एखादा जोरकस आठवडा देऊन जातो. पण पावसाबद्दल सगळेच लिहितात. मला तिथल्या पाखरांबद्दल सांगायचं आहे, कारण मी पाखरं हाकणाऱ्या घरातली आहे.

आमच्याकडे तेव्हा बाजरी आणि ज्वारी भरपूर असायची. मक्याने सगळं रान खाल्लं ते नंतर. बाजरी निसवली की चिमण्या, होले, राघू यायचे. ज्वारीचा दाणा चिकात आला की भोरड्या. भोरडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, साळुंकीएवढं पाखरू, अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळी. एकटं दिसलं तर सुंदर म्हणाल. पण ते एकटं येतच नाही. थवा वावरात उतरला की ताटं वाकतात, आणि उठला की कणसाचा बुरकुंडा उरतो. म्हणून माळ्यावर माणूस लागायचा. आमच्या माळ्यावर शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मी असायचे. उजाडल्यापासून दहा-अकरापर्यंत आणि पुन्हा चारपासून दिवस मावळेपर्यंत, हे पाखरांचं टाइमटेबल. मधल्या उन्हात तीही झाडात बसतात आणि राखणदारही. पत्र्याचा डबा बडवायचा, हारोळी द्यायची, गोफण फिरवायची. गोफण आण्णांनी अंबाडीच्या वाखाची वळलेली होती. गुंडा सुटला की दोरीच्या शेवटाचा जो फटाका वाजतो ना, पाखरू त्यालाच उठतं, दगड त्याला क्वचितच लागतो. आण्णांच्या लेखी पाखरू म्हणजे चोर. विषय संपला.

या तयारीने मी समुद्रावर गेले.

नोव्हेंबर लागला आणि एका सकाळी शाळेसमोरची वाळू पांढरी झाली. पक्ष्यांच्या पुस्तकात त्यांना कुरव म्हणतात, पर्यटक सीगल म्हणतात. पोरांना दोन्ही चालायचं. बहुतेक तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे, पण हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे तेवढा एक काळपट ठिपका. चोच आणि पाय लाल. त्यांच्यात अधूनमधून एखादा दांडगा, गडद पाठीचा, पिवळ्या चोचीचा दिसायचा, तो उत्तर रशियातल्या टुंड्रातून येणारा. तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटच्या तळ्यांवर वीण करतात आणि थंडीला आपल्या किनाऱ्यावर येतात. म्हणजे माझ्याहून लांबून आलेले, आणि त्यांना बदलीचा अर्ज करावा लागत नव्हता.

गोंगाट सगळ्यांत आधी जाणवला. पहिलीच्या वर्गाला उजळणी म्हणायला लावली की बाहेरून तेही म्हणायचे, आणि त्यांचा सूर मुलांपेक्षा चढा. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर वरून प्रसाद पडायचा. नांगरलेल्या होड्यांच्या टपावर तर थरच. हे सगळं पाहून मला वाटलं, आता कुणीतरी डबा बडवील. कुणी बडवला नाही.

हर्णैचा लिलाव पाहिल्याशिवाय हे समजणार नाही. हर्णैला बोटी धक्क्याला लावायची सोय नव्हती. बंदराची, जेटीची मागणी कित्येक वर्षांची. त्यामुळे बोटी थोड्या आत, पाण्यात उभ्या राहायच्या, आणि माल छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून वाळूवर यायचा. बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे! आमच्या गिरजा नदीत बैल उतरतात ते पोळ्याला अंघोळीसाठी, तेही नदीला पाणी असलं तर. हर्णैचे बैल लाट आली की मान वर करून उभे राहायचे, लाट गेली की गाडी ओढायचे. गाडीतून बर्फ जायचा, डिझेल जायचं, आणि येताना टोपल्या यायच्या. बांगडा, म्हाकूल, कोळंबी, पापलेट, सुरमई. वाळूवर ढीग लागले की बोली सुरू. सकाळी एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा. वेळ पाहा: माळ्यावरच्या राखणीचीच. पाखरू कणसाचं असो नाहीतर मासळीचं, त्याच्या भुकेची घटका तीच दिसली.

लिलावात कुरव कुठे असतात, हे मी संध्याकाळी भाजी-मासळी आणायला गेल्यावर न्याहाळायचे. ढिगावर ते कधीच झडप घालत नाहीत. ढिगाभोवती बायका बसलेल्या असतात, व्यापारी असतात, पाय असतात. कुरव मागे, ओल्या वाळूच्या काठावर रांग धरतात. टोपली रिकामी होऊन समुद्रात विसळली की पाण्याबरोबर चार बारक्या मांदेल्या वाहतात, त्यावर पहिली उडी. जाळ्यातून झटकलेलं बारीकसारीक, फुटलेला बांगडा, म्हाकळाची आतडी, हे सगळं त्यांचं. क्वचित एखादा धीट पुढे यायचा. तेव्हा टोपलीवाली हात उचलायची नाही, फक्त मान वळवून त्याच्याकडे बघायची. तो दोन पावलं मागे. पुन्हा तिचं लक्ष बोलीकडे, पुन्हा तो दोन पावलं पुढे.

पुढे वाचनात आलं की हे इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली तपासून पाहिलं होतं. तिकडचे हेरिंग गल माणसाच्या हातातले बटाट्याचे काप पळवण्यासाठी बदनाम आहेत. संशोधकांनी कापांची पिशवी समोर ठेवली आणि एकदा पक्ष्याकडे टक लावून पाहिलं, एकदा तोंड फिरवलं. पाहिलं तेव्हा पक्ष्याला पिशवीपाशी यायला बराच जास्त वेळ लागला. हर्णैच्या बायकांनी हे कुठल्याही जर्नलमध्ये दिलं नव्हतं, एवढंच.

मी राहायचे त्या घरच्या आजी सुकट वाळवायच्या. वाळूच्या वरच्या बाजूला जुनी जाळी अंथरून जवळा पसरायचा, दुसरीकडे मांदेली. तिथे मात्र राखण कडक. एका काठीला मेलेला कावळा टांगलेला, दुसऱ्या काठीला काळं प्लास्टिक, आणि आजी स्वतः सावलीला, हाताशी खडे. माझे डोळे चमकले. म्हटलं, हे आपलं काम. रविवारी मी त्यांच्याबरोबर बसायला लागले. पण आजींचे खडे निघायचे ते कावळ्यावर, घारीवर, कुत्र्यावर. कुरव जाळीच्या टोकाला उतरला तर आजी नुसतं "हुश" म्हणायच्या, तेही उशिरा.

मी एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "कावला गावचा हाय, बाई. आज खाल्लान तर उद्या पोरांना घेऊन येल. ह्यो शिमगा झाला की जातो."

आजींच्या त्या वाक्यात मला नंतर बरंच सापडलं. इंग्लंडमध्ये गल घरांच्या छपरांवर घरटी करतात. पिल्लं असली की खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर झेपावतात. शिवाय तिथे 1981 च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यामुळे परवान्याशिवाय अंड्यांना हात लावायची सोय नाही. आपल्याकडेही वन्यजीव कायदा 1972 पासून आहे, पण हर्णैला त्याची कुणाला गरज पडलेली मी पाहिली नाही. इथला कुरव अंडी घालत नाही, घर करत नाही, त्यामुळे भांडतही नाही. तो खातो, ओरडतो, घाण करतो आणि जातो. जाणाऱ्याचं माणूस पुष्कळ खपवून घेतं. (माझंही गावाने पुष्कळ खपवून घेतलं, त्यात हाही हिशोब असणार. मराठवाड्याचे शिक्षक बदलीची वाट पाहत असतात, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?)

तांडेलांचं कारण निराळं होतं. पाण्यावर पाखरांची झुंबड दिसली की खाली मासळीचा थवा वर आलाय, असा जुना अंदाज. आता बोटीवर मासळी शोधणारं यंत्र असतं, जीपीएस असतं, पण माझ्या वर्गातल्या एका पोराचे वडील म्हणायचे की यंत्र बिघडतं, पाखरू बिघडत नाही. म्हणजे तिथे कुरव थोडा कामाचाही माणूस. चोर म्हणून त्याचं नाव लागायला अडचणच.

शाळेत त्यांचा आणि आमचा खरा संबंध खिचडीमुळे यायचा. मधल्या सुट्टीत ताटं विसळायला मुलं कंपाउंडच्या कडेला जायची, शितं तिथे सांडायची. पूर्वी तिथे कावळे. डिसेंबरपर्यंत कुरव घंटेच्या आधी येऊन बसायला लागले. आधी, नंतर नव्हे. रविवारी मी कपडे वाळत घालायला गेले तर कंपाउंड रिकामं. मुलांना यात काही नवल वाटलं नाही; "त्यांना माहीत असतं, बाई." ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी 2020 साली हेच प्रसिद्ध केलं. गलच्या पाठीवर जीपीएसची बारकी पेटी बांधून त्यांनी एक शाळा, एक बाग आणि एक कचरा केंद्र यांवर नजर ठेवली. शाळेवर पक्ष्यांची गर्दी मधल्या सुट्टीच्या वेळेशी जुळत होती. आमच्या शाळेला हजेरीचा प्रश्न होता, विशेषतः मासळी चांगली लागली की. आईच्या टोपलीला हात लावायला पोरं लिलावात जायची. कुरवांची हजेरी मात्र पूर्ण.

मुलांकडून मी बरंच शिकले. एक दिवस चौथीतला एकजण म्हणाला, "बाई, याला बारमाही सर्दी असते." खिडकीबाहेर खांबावर बसलेल्या कुरवाच्या चोचीच्या टोकाला खरोखर थेंब लोंबत होता. तो मान झटकून थेंब उडवायचा, थोड्या वेळाने नवा. मी पुस्तक काढलं. समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. ते खारं पाणी पितात, जास्तीचं मीठ या ग्रंथी रक्तातून काढतात आणि ते नाकपुडीतून चोचीवर ओघळतं. पुढचा सगळा तास मिठात गेला. मिठागर, पापड, सुकट, आणि माणूस समुद्राचं पाणी प्यायला तर त्याची तहान का वाढते. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला त्या दिवसाचा धडा राहून गेला. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

मुलांनी दाखवलेली दुसरी गोष्ट म्हणजे कुरवांच्या डोक्याचं कॅलेंडर. फेब्रुवारी सरत आला की डोळ्यामागचा ठिपका पसरायला लागतो. एकेकाचं डोकं कबरं, मग अर्धं, मग पुरतं तपकिरी. जोडीदार शोधायचा, वीण करायची, त्याची ही तयारी. पोरं रोज मोजायची, आज किती "टोपीवाले". टोपीवाले जास्त झाले की शिमगा जवळ, पालखी जवळ, आणि चाचणी परीक्षाही जवळ. एप्रिलमध्ये वाळू पुन्हा वाळूच्या रंगाची व्हायची. नंतर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर काढलेल्या, जाळी शिवायला घेतलेली. त्या दिवसांत ना मासळी ना कुरव. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, दापोलीची झाडं, घरांची छपरं, शाळांचे पत्रे गेले, तेव्हाही कुरव नव्हते. नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या, आणि थंडीत कुरव आपले वेळेवर हजर, जणू त्यांच्या गैरहजेरीत काहीच झालं नाही.

मला राग यायचा तो दिवाळीच्या सुट्टीत आणि 31 डिसेंबरच्या आसपास येणाऱ्या गाड्यांचा. कुरकुरे, शेव, फरसाण हवेत उडवायचं, पक्षी झेप घेतो तेव्हा फोटो काढायचा. मुंबईला गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे हेच चालतं. ज्या पक्ष्याने मासळी खावी त्याला तळलेलं बेसन आणि मीठ. लोकांना वाटतं आपण पुण्य केलं. पण वाळूवरून चालणाऱ्या माणसाच्या हातातलं खाणं म्हणजे आपलंच, हे एकदा पाखराला कळलं की ते ओल्या वाळूच्या रांगेत कशाला थांबेल? कोळणी त्याला मान वळवून दोन पावलं मागे ठेवतात, आणि गाडीवाले त्याला हाताने पुढे बोलावतात. एका पाहुण्यांना मी हे सांगितलंही. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही इथल्याच का?" मी हो म्हणाले.

मग आंतरजिल्हा बदलीच्या यादीत नाव लागलं आणि मी फुलंब्री तालुक्यात परत आले. पहिल्याच वर्षी शाळेची सहल पैठणला नेली. नाथसागराच्या पाण्यावर पांढरी पाखरं घिरट्या घालत होती. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, फ्लेमिंगोंसाठी लोक तिथे जातात, पण थंडीत कुरवही येतात. मला आधी खरं वाटेना. ज्यांच्यासाठी मी चारशे किलोमीटर गेले ते माझ्याच जिल्ह्यात बसलेले! मुलांना मी लाल चोच दाखवली, कानाजवळचा ठिपका दाखवला. त्यांनी एकच विचारलं, जे इकडची मुलं विचारणारच: "बाई, हे ज्वारीवर येतात का?"

घरी आण्णांना मी हर्णैचं सगळं रंगवून सांगितलं होतं. बायका नुसतं बघतात, आजी उशिरा हुश म्हणतात. आण्णा ऐकून घ्यायचे. एकदा मी त्यांना भोरडीची बाजू सांगायला गेले. ती मध्य आशियातून, पूर्व युरोपातून येते. तिकडे विणीच्या दिवसांत टोळ खाऊन फडशा पाडते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांवर उपाय म्हणून भोरड्यांना घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग आणि खोल्या बांधून देतात. आण्णा म्हणाले, "मग तिकडंच ठिवा म्हणावं."

पण नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी हर्णैला इतकी वर्षं राहूनही नीट मांडू शकले नव्हते. म्हणाले, पूर्वी शिवारात जिकडं तिकडं ज्वारी होती. थवा यायचा, आपलं थोडं खायचा, पलीकडच्याचं थोडं खायचा. प्रत्येकाच्या माळ्यावर माणूस होता, पाखरू इकडून उठलं की तिकडं बसायचं. आता सगळीकडे मका आणि कपाशी. मी घरच्या भाकरीपुरती वीस गुंठे पेरतो, तर पंचक्रोशीतली सगळी भोरडी त्या वीस गुंठ्यांत. माळ्यावर बसायला पोरगं मिळत नाही. चमकीची पट्टी बांधली, चार दिवस बिचकली, पाचव्या दिवशी पट्टीवरच बसली. तुझ्या त्या कोळणींचं नुकसान पन्नास टोपल्यांत वाटलं जातं. माझं एकट्याचं आहे.

मला आजींची जाळी आठवली, तिच्या शेजारची जाळी, आणि तिच्याही शेजारची. अख्ख्या किनाऱ्यावर जवळा पसरलेला असताना एका कुरवाला हुश करायला घाई कशाची? तोच जवळा एकट्या आजींच्या दारात असता तर त्या काठीला कावळ्याशेजारी कुरवही टांगलेला दिसला असता. आजी दयाळू होत्या यात शंका नाही, पण दयेला परवडावंही लागतं. हे मी आण्णांना बोलून दाखवलं नाही. ते म्हणाले असते, हेच तर मी सांगतोय.

गेल्या हंगामात मी भावकीतल्या दोघा-तिघांना म्हणून पाहिलं की बांधाला बांध लावून सगळ्यांनी थोडी थोडी ज्वारी पेरा, पाखरू वाटून जाईल, राखणीलाही पाळी लावता येईल. सगळ्यांनी मान डोलावली. कडब्याचे भाव काढले, हुरड्याच्या गोष्टी निघाल्या. पेरणीच्या वेळी प्रत्येकाने मका लावला. आण्णांनीही. आता मक्याला रात्री रानडुकरं येतात, आणि त्यांच्याकडे टक लावून पाहण्याचा सल्ला मी अजून दिलेला नाही.